चौदा नंबरची वरची खोली

सिस्टर आल्या तेव्हा वहिनी खिडकीची जाळी पुसत होत्या आणि भाऊजी ती कशी पुसावी हे खुर्चीत बसून सांगत होते.

वहिनींचा व्यवसाय खासगी तपासाचा. त्याआधीची वीस वर्षं विमा कंपनीसाठी जळलेली गोदामं बघण्यात गेली. आग लागायच्या आदल्या दिवशी गोदामातून किती माल बाहेर पडला हे राखेवरून सांगता येतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि कंपनीला ते पटत असे. गोदामवाल्यांना पटत नसे. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. ते पोस्टातून निवृत्त होऊन घरी बसले आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या बायकोने त्यांना वहिनींच्या मदतीला पाठवून दिलं. ही मदत नेमकी कोणाला, याचा खुलासा तिने केला नव्हता.

सिस्टर म्हणजे सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. वय अडुसष्ट. नाव होतंच, पण ते कोणी वापरत नसे.

"मला चोर शोधून हवाय," त्या बसता बसता म्हणाल्या.

"काय गेलं?" भाऊजींनी वही उघडली.

"गेलं काहीच नाही. उलट वाढलंय." त्यांनी पिशवीतून एक नोटीस काढून टेबलावर सपाट केली. "घर तेच आहे. मी तीच आहे. घरपट्टी तेवढी तिप्पट झाली. शेजाऱ्यांची वाढली ती चिमूटभर. मग माझ्याच घरात काय वाढलं ते कळत नाही."

त्यांची गल्ली म्हणजे एका बंद पडलेल्या कारखान्याने कामगारांसाठी बांधलेली सोळा घरं. सगळी एका ओळीत, एका साच्यातली: दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण. समोर गोदामाची लांबलचक भिंत. पुढे घरं कामगारांनाच विकली. सिस्टरच्या नवऱ्याने चौदा नंबर घेतला आणि हप्ते फिटले त्या वर्षी तो वारला.

"हरकत घेतलीत?" वहिनींनी विचारलं.

"घेतली की. तीस दिवसांची मुदत होती, बाविसाव्या दिवशी अर्ज दिला. ही पोच. अर्ज शेजारच्या काकांनी लिहून दिला, तेरा नंबरचे. छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासलीत त्यांनी. अक्षर बघा."

अक्षर खरोखर बघण्यासारखं होतं. अर्जदार वृद्ध असून एकटी आहे, निवृत्तिवेतन तुटपुंजे आहे, सबब आकारणी कमी करावी ही नम्र विनंती. नोटिशीवर सालाचा आकडा चुकीचा छापला होता. काकांनी तळटीप देऊन तोही दुरुस्त केला होता.

"सुंदर अर्ज आहे," वहिनी म्हणाल्या. "हा फेटाळला जाणार."

"का?"

"परवडत नाही, हे हरकतीचं कारण होत नाही. घराची नोंद चुकली म्हणा, ऐकतील. अगदी तुमच्यासारख्याच दुसऱ्या घराला कमी लावलाय म्हणा, तेही ऐकतील. तुम्ही गरीब आहात म्हटलंत तर सवलतीची खिडकी वेगळी आहे, तिकडे जा म्हणतील. ती खिडकी बहुतेक बंद असते." त्यांनी अर्ज उलटून मागची बाजू पाहिली. "मोजणीचा कागद कुठेय? घर मोजून गेले असतील ना?"

"गेले. एक गृहस्थ आले, टेप लावली, माझी सही घेतली. पण तो कागद लोकांना देत नाहीत ना."

"कोण म्हणालं?"

"काका."

"बरं," वहिनी म्हणाल्या. त्यांचं 'बरं' ऐकलं की भाऊजी पेन्सिलीला टोक करत.

"सुनावणी गुरुवारी आहे," सिस्टर म्हणाल्या. "ती एकदाच होते आणि निकाल चार वर्षं चालतो. चार वर्षं हे भरायचं तर घर विकावं लागेल. माझा भाचा गिऱ्हाईक घेऊन बसलाच आहे. म्हणतो, मावशी, एवीतेवी गुडघे दुखतातच."

"म्हणजे चोर सापडला," भाऊजी म्हणाले.

वहिनींनी कामाचा करारनामा पुढे केला. सिस्टरनी गोल अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि नावापुढे वेळ टाकली: १०.५५.

"वेळ कशाला?" भाऊजींनी विचारलं.

"पस्तीस वर्षं वॉर्डात काढलीत. कोणत्या वेळेला दिलं ते लिहिलं नाही तर दिलं असं धरत नाहीत."

*

दुपारी वहिनी कर कार्यालयात गेल्या आणि भाऊजींना त्यांनी गल्ली पाहायला पाठवलं. "चौदावं घर. घर बघा, भाच्याशी बोला, आणि कुणाला चोर म्हणू नका."

भाऊजी चष्मा ऑफिसात विसरले होते. दारांवरच्या पाट्या त्यांना पाट्या आहेत एवढ्याच दिसत होत्या. पण माणूस पोस्टातला; त्यांनी कोपऱ्यापासून एकेक दार मोजलं आणि चौदाव्यावर टकटक केली.

दार उघडलं ते सत्तरीच्या, कानाला तांबडी पेन्सिल लावलेल्या गृहस्थांनी.

"सिस्टर आहेत?"

"सिस्टर पुढच्या घरात. हे तेरा." त्यांनी भाऊजींच्या हातातलं कार्ड घेतलं, त्यावर नजर टाकली न टाकली आणि परत दिलं. "टेलिफोनच्या नंबरात एक आकडा कमी आहे."

भाऊजींनी तीन महिन्यांत अशी दोनशे कार्डं वाटली होती. फोन का येत नाहीत यावर त्यांची आणि वहिनींची दोनदा चर्चाही झाली होती.

"वर या म्हटलं असतं," प्रूफवाले काका म्हणाले, "पण वरच्या खोलीत टेबलभर कागद पसरलेत. अजून कोणी कोणी आणून देतात तपासायला. दोन खिडक्या आहेत, उजेड बरा येतो. सिस्टरचं काम लागलं का तुमच्याकडे? बिचाऱ्या. माझीही वाढलीय हो, सगळ्यांचीच वाढलीय."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "कोण आहे? सिस्टर आल्या का?"

"नाही, नाही. तुझं इंजेक्शन शुक्रवारी," काका आत वळून म्हणाले. मग भाऊजींना हळूच, "दर महिन्याला येऊन टोचून जातात. एक पैसा घेत नाहीत. देवमाणूस."

चौदा नंबरमध्ये दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि अंगण होतं. एवढंच. भाऊजींनी कपाटामागेही पाहिलं. भाचा तिशीतला होता आणि अपराध्यासारखा मुळीच दिसत नव्हता, याची भाऊजींनी वहीत संशयास्पद म्हणून नोंद केली.

"मला घर विकायचंय हे खरं आहे," भाचा म्हणाला. "पण त्यासाठी मी घरपट्टी कशी वाढवणार? माझं ऐकून ते लोक काही वाढवत असते तर मी आधी स्वतःचा पगार वाढवून घेतला असता."

"मोजणीच्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"कामावर. मावशी घरी होती. तिनेच सही केली."

*

संध्याकाळी वहिनींच्या टेबलावर सोळा कागद पत्त्यांसारखे मांडलेले होते.

"देत नाहीत ना हे?" भाऊजी म्हणाले.

"अर्ज, थोडं शुल्क आणि अर्धा तास. त्यातली पंचवीस मिनिटं कारकून चहाला गेला होता. तुलना करायची म्हटलं की शेजारच्या घरांचेही देतात." वहिनींनी एक कागद सरकवला. "चौदा वाचा."

भाऊजींनी वाचलं. खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर. लाकडी जिना, पायऱ्या नऊ. वरची खोली, चौदा फूट बाय अकरा, खिडक्या दोन. खाली हजर व्यक्तीची सही. शेपटी लांब सोडलेली, पतंगासारखी.

"पण तिथे जिनाच नाही," भाऊजी म्हणाले. "मी कपाटामागेसुद्धा पाहिलं."

"मला खात्री आहे."

वहिनींनी सिस्टरना फोन लावला आणि कागद वाचून दाखवला. सिस्टरनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग सिस्टर म्हणाल्या, "एवढी खोली वर असती तर भाच्याचं लग्न झालं असतं." ती सही आपली नाही याबद्दल त्यांना शंका नव्हती, सहीत पतंग त्यांनी आयुष्यात काढला नव्हता.

भाऊजी बाकीचे कागद चाळत होते. "चारला वरची खोली आहे. चौदाला आहे. बाकी सगळी घरं बसकी. सातला तर एकच खोली, स्वयंपाकघरही नाही. कसे राहतात? आणि हा पंधरा नंबरवाला बघा, सहीपुढे वेळसुद्धा लिहिलीय. अकरा चाळीस. काय एकेक माणसं असतात."

वहिनींनी कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं. भाऊजींना वाटलं, दिवा डोळ्यांवर येत असेल, म्हणून त्यांनी तो हलवला.

"वहिनी, माझं ऐका. तेरा नंबरला वरची खोली आहे, काका स्वतः म्हणाले. कागदावर नाही. चौदाला नाही, कागदावर आहे. म्हणजे काकांनी मोजणीदाराला चारलं."

"आणि सातचं स्वयंपाकघर कोणी खाल्लं?"

रात्री झोपताना भाऊजींना वाटलं, सात नंबरवाले बाहेर जेवत असतील.

*

मंगळवारी सकाळी वहिनींनी आधी एक पुरवणी निवेदन दाखल केलं: घरात वरची खोली नाही, नोंद चुकीची आहे, जागेची पाहणी व्हावी. सोबत घराचे चारी बाजूंनी काढलेले फोटो. पोचेवरचा शिक्का नीट उमटेपर्यंत त्या खिडकीतून हलल्या नाहीत. मग दोघं मोजणीदाराकडे गेले.

मोजणीदार कोपऱ्यातल्या टेबलाशी ताठ बसला होता. टेबलावर टेप, पाण्याची स्वतःची बाटली आणि स्वतःचा पेला. भाऊजींनी चहा मागवू का विचारलं तेव्हा तो थोडा मागे सरकला.

"कामाच्या वेळी मी कोणाचा चहा घेत नाही. लोकांच्या घरी पाणीही पीत नाही. एकोणीस वर्षं झाली."

"चौदा नंबरची वरची खोली तुम्ही पाहिलीत?" वहिनींनी विचारलं.

"पाहिली म्हणजे? तिथे उभा राहिलोय मी. भिंतींना निळा रंग. पायऱ्या नऊ, त्यातली सातवी करकरते. टेप दोनदा लावली."

"घराची मालकीणबाई म्हणते, खोलीच नाही."

"सगळेच म्हणतात. मागे एका माणसाने स्वयंपाकघर नाही म्हणून सांगितलं, तेव्हा आतून भाजी जळल्याचा वास येत होता."

"कागदावर मालकाचं नाव का नसतं?"

"नाव दिसलं की ओळख काढतात. म्हणून ऑफिसातून फक्त घराचा नंबर छापून येतो. गल्लीचा गठ्ठा एक ते सोळा, क्रमाने लावलेला. मी वरून एकेक कागद काढतो आणि भरतो. नंबर मी लिहितच नाही, म्हणजे माझ्या हातून नंबर चुकायचा प्रश्नच नाही."

"आणि दारावरच्या पाट्या?"

मोजणीदाराच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "पाट्यांवर माझा विश्वास नाही, बाई. लोक वाटेल ते आकडे लावतात. एका गल्लीत मला दोन पाच नंबर सापडले आणि दोघांचं एकमेकांशी भांडण. तेव्हापासून कोपऱ्यावरून सुरुवात करायची आणि ओळीने जायचं. दार ठोका, मोजा, पुढचं दार. सोळा कागद संपले की सोळा घरं संपली."

"आणि शेवटी वळून पाहता?"

"कशाला? कागद संपलेले असतात."

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "हा माणूस लाच घेणार नाही. यापेक्षा भिंत घेईल."

"नाहीच घेणार," वहिनी म्हणाल्या. "सगळी अडचण तीच झाली."

*

बुधवारी भाऊजी चष्मा लावून गल्लीत गेले. वहिनी आधी सहा नंबरच्या शिंप्याकडे थांबल्या. दुकान म्हणजे त्याच्याच घराची पुढची खोली. दोन वर्षांपूर्वी त्याने रस्त्याकडे वेगळं दार पाडलं होतं.

"घरातून गिऱ्हाईक यायचं ते बायकोला आवडेना," तो ब्लाउजच्या बाहीवरून मान न उचलता म्हणाला. "कुकरची शिट्टी झाली की गिऱ्हाईक दचकायचं आणि माप चुकायचं."

"मोजणीवाले आले होते?"

"दोनदा. म्हणजे त्याच दिवशी दोनदा. आधी घर मोजलं, मग इकडून येऊन दुकान मोजलं. सह्याही दोन घेतल्या. मी म्हटलं, सरकारी काम आहे, दुहेरी शिलाई घालतात."

सात नंबरला कुलूप होतं, मालक परगावी. मग दोघं थेट गल्लीच्या टोकाला, सोळा नंबरला गेले. तिथे एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर दाराशी खुर्ची टाकून बसला होता. ही त्याची रोजचीच जागा असावी. भिंतीवर त्याच्या डोक्याचा डाग पडला होता.

"मोजणी?" तो म्हणाला. "पंधरापर्यंत आला तो. तिथून बाहेर पडला, पिशवी आवरली आणि चालू पडला. मी हात केला तर तोही हात करून गेला. म्हटलं, आपलं घर मोजायच्या लायकीचं दिसत नसेल."

"पण तुमच्या नंबरचा भरलेला कागद आहे. सहीसकट."

"असेल. माझ्या नावाने एकदा गाडी ठोकल्याचा पण कागद होता. मी त्या दिवशी दवाखान्यात होतो."

परत निघताना वहिनींनी समोरच्या गोदामाच्या भिंतीला पाठ लावून गल्लीचे ओळीने फोटो काढले. भाऊजींना वाटलं, आठवण म्हणून असतील.

*

गुरुवारी सुनावणीच्या खोलीत पंखा होता आणि तो फिरत होता, एवढं त्याच्याबद्दल सांगता येईल. टेबलामागे अपील अधिकारी, चष्मा डोक्यावर चढवलेल्या एक बाई. एका बाजूला मोजणीदार, पेल्यासकट. दुसऱ्या बाजूला सिस्टर, भाचा, वहिनी, भाऊजी, आणि सिस्टरना धीर द्यायला म्हणून आलेले प्रूफवाले काका.

"अर्जात उत्पन्नाचा मुद्दा आहे," अधिकारी म्हणाल्या. "तो मला ऐकता येत नाही."

"पुरवणी निवेदन आहे, मॅडम. मंगळवारचं. पोच ही."

अधिकाऱ्यांनी ते वाचलं. काकांनी मान लांब करून पाहिलं आणि मान परत जागेवर नेली.

"खोली नाही म्हणता. हे म्हणतात, ते तिथे उभे होते."

"ते खरं बोलतायत," वहिनी म्हणाल्या. "आणि सिस्टरही. मॅडम, एक विनंती आहे. ही दारं मोजाल?"

त्यांनी फोटो एकाला एक जोडून टेबलावर लांब पट्टी पसरली. अधिकाऱ्यांनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला आणि पेनाच्या टोकाने मोजत गेल्या. टोकाशी पोचल्या, थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"सतरा."

"घरं सोळा. सहा नंबरच्या शिंप्याने दुकानाला वेगळं दार पाडलंय. मोजणीदार पाट्या बघत नाहीत, दारं मोजतात. कागदावर नाव नसतं, नंबर आधीच छापलेला असतो. सहावं दार शिंप्याचं घर, सातवं दार शिंप्याचं दुकान. दुकानाचा मजकूर गेला सात नंबरच्या कागदावर, म्हणून सातला स्वयंपाकघर नाही. तिथून पुढे प्रत्येक घर एका कागदाने सरकलं. आठच्या कागदावर सात, नऊच्यावर आठ. घरं एका साच्यातली, त्यामुळे कोणाला फरक कळला नाही. पंधरावं घर मोजून झालं आणि सोळा कागद संपले. सोळावं घर राहिलं. त्याचे मालक यांना हात करत होते."

मोजणीदाराने पेला खाली ठेवला. "मला वाटलं, ते निरोप देतायत," तो हळू म्हणाला.

"फरक कळण्यासारखं एकच घर होतं," वहिनी पुढे म्हणाल्या. "चारला वरची खोली आहे, पण ते सहाच्या आधी येतं, म्हणून बरोबर नोंदलं गेलं. दुसरी वरची खोली तेरा नंबरला. ती चौदाच्या कागदावर चढली."

"हा तर्क झाला. पुरावा?"

वहिनींनी पंधरा नंबरचा कागद आणि सोमवारचा करारनामा शेजारी शेजारी ठेवला. दोन्हीकडे तेच गोल अक्षर, तेच नाव, आणि पुढे वेळ.

"सिस्टरनी सही केली होती. आपल्याच घराच्या मोजणीवर. फक्त कागद पंधराचा होता. त्यांनी वरचा नंबर वाचला नाही, घड्याळ वाचलं."

भाऊजींना अकरा चाळीस आठवलं आणि ते पंख्याकडे पाहू लागले.

"मॅडम, ही गोष्ट मला सुचली ती माझ्या दिरांमुळे. सोमवारी ते चष्मा विसरले, पाट्या दिसेनात म्हणून दारं मोजत गेले आणि चौदाव्या दारावर टकटक केली. दार उघडलं तेरा नंबरच्या काकांनी."

"मी ते मुद्दामच केलं होतं," भाऊजी म्हणाले. कोणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

अधिकाऱ्यांनी चौदाचा कागद उचलला. "मग ही सही कोणाची?"

भाच्याने सवयीने आपल्यावर येणार म्हणून खुर्ची सावरली.

"माझी," प्रूफवाले काका म्हणाले. "नंबर माझ्या लक्षात आला नाही."

वहिनींनी आपलं कार्ड काढून त्यांच्यासमोर ठेवलं. "यातला कमी असलेला आकडा तुम्ही दारात उभ्या उभ्या पाहिलात. तीन महिने हे कार्ड आम्ही दोघं पाहत होतो. नोटिशीतलं साल चुकलेलं तुम्ही तळटीप देऊन सुधारलंत. आणि तुमच्याच घराच्या मोजणीवर, सगळ्यात वर, मोठ्या आकड्यात चौदा छापलेलं लक्षात आलं नाही?"

काकांनी कानाची पेन्सिल काढून हातात धरली.

"त्या दिवशी तुम्ही गप्प बसलात. तिथेच थांबला असतात तर मी तुम्हाला शेजारी म्हटलं असतं. पण मग सिस्टर नोटीस घेऊन तुमच्याकडे आल्या. त्यांनी मोजणीचा कागद मागवला असता तर खोली नाही म्हणून तक्रार केली असती. तक्रार केली असती तर खोली शोधायला माणूस आला असता, आणि ती त्याला शेजारीच सापडली असती. म्हणून तुम्ही सांगितलंत, कागद देत नाहीत. आणि इतक्या सुंदर अक्षरात असा अर्ज लिहिलात, जो हरणारच होता."

"चूक माझी नव्हती," काका म्हणाले.

"नव्हतीच. तुम्ही फक्त ती तपासून पुढे पाठवलीत."

सिस्टर इतका वेळ मांडीवरच्या पिशवीकडे पाहत होत्या. "काका," त्या म्हणाल्या, "घर विकलं असतं मी."

काका हातातली पेन्सिल नुसती फिरवत राहिले.

*

अधिकाऱ्यांनी निकाल तिथेच सांगितला: वरची खोली चौदावरून वगळावी, तेरावर लावावी, सहाच्या पुढची सगळी गल्ली पुन्हा मोजावी, आणि या वेळी पाट्या वाचाव्यात. मोजणीदाराने हे शेवटचं वाक्य वहीत दोनदा लिहून घेतलं. टंकलेखक पलीकडच्या खोलीत होता. दहा मिनिटांत त्याने आदेश टाइप करून आणला. त्याला जेवायला जायचं होतं. अधिकाऱ्यांनी सही करून कागद वहिनींकडे दिला. "वाचून घ्या. शिक्का पडल्यावर बदल होत नाही."

वहिनींनी वाचला. मग तो काकांपुढे धरला. "तुम्ही एकदा बघता?"

भाऊजी काही बोलणार होते. वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

काकांनी चष्मा लावला. पेन्सिलीचं टोक पहिल्या ओळीवरून गेलं, दुसऱ्या ओळीवरून गेलं, तिसऱ्या ओळीत थांबलं. शिपाई शिक्का घेऊन उभा होता. पेन्सिल तिथेच राहिली, बराच वेळ. एखाद्याला वाटलं असतं, म्हाताऱ्याला दिसत नाहीये.

मग त्यांनी त्या जागी तांबडी रेघ मारली, समासात आकडा लिहिला आणि कागद अधिकाऱ्यांपुढे सरकवला.

"तिसरी ओळ. खोली बारा नंबरवर लावावी, असं पडलंय. बारा नाही. तेरा."

अधिकाऱ्यांनी पाहिलं, टंकलेखकाला परत बोलावलं. त्याचं जेवण लांबलं.

नवा कागद आला. पोच घेण्यासाठी सिस्टरनी पेन उघडलं. पण आधी कागदाच्या डोक्यावरचा नंबर बोट ठेवून वाचला. मग सही केली, घड्याळ पाहिलं, वेळ लिहिली. १.२०.

बाहेर जिन्यात भाऊजींना राहवलं नाही. "वहिनी, तुम्हाला ती चूक दिसली नव्हती?"

"दिसली होती."

"मग?"

"त्यांना दिसते का, ते बघायचं होतं."

"आणि नसती दिसली तर?"

"मी सांगितलं असतं. फी घेतलीय ना." त्या दोन पायऱ्या उतरल्या. "आणि ती कार्डं आजच दुरुस्त करून आणा."

फाटकाशी काका सिस्टरची वाट पाहत उभे होते. पेन्सिल पुन्हा कानावर गेली होती, पण वाकडी. त्यांनी दोनदा घसा साफ केला.

"हिचं इंजेक्शन," ते म्हणाले. "उद्या आहे."

"माहितेय," सिस्टर म्हणाल्या. "अकराला येते. दारावरची पाटी पुसून ठेवा. मी वाचून आत येईन."